दिसू नये असा दिवा

आमच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस उंबऱ्यातच थबकतो आणि विचारतो, "लाइट गेली काय?" मी म्हणतो, "नाही, आहे." मग तो छताकडे बघतो. छताला पंख्याशिवाय काही नाही. भिंतीकडे बघतो, तिथे कॅलेंडर. शेवटी खुर्चीत टेकतो आणि त्याच्या लक्षात येतं, की टेबलावरचा पेपर नीट वाचता येतो आहे, समोरच्या माणसाचा चेहरा दिसतो आहे, चहात माशी पडली असती तर तीही दिसली असती. उजेड आहे, पण येतो कुठून ते कळत नाही, म्हणून पाहुणा जरा अस्वस्थ होतो. काही जण चहा संपवून लवकर निघतात. हाही हबीब मिस्त्रींच्या कामाचा एक फायदाच.

मिस्त्री जाऊन आता काही वर्षं झाली. मी खामगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो. प्रकाशाचा धडा दरवर्षी घ्यायचो, परावर्तनाचे नियम मुलांकडून घोकून घ्यायचो आणि घरी येऊन ट्यूबलाइटच्या पांढऱ्याफटक उजेडात डोळे बारीक करून उत्तरपत्रिका तपासायचो. प्रकाशाबद्दल मला जे काही थोडंफार कळतं, ते तेलाचे डबे कापणाऱ्या या माणसामुळे. शाळेत असताना हे मी कोणाजवळ बोललो नाही.

ओळख झाली ती एका शून्यामुळे. 'चांगल्या दिव्याचे गुणधर्म लिहा' असा एक प्रश्न मी चाचणीत घातला होता. आठवीतल्या नसीमने उत्तर लिहिलं होतं, 'तो दिसू नये.' मी शून्य दिलं, वर लाल शाईत 'विचार करून लिहा' असा शेराही मारला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिचे वडील हबीब मिस्त्री, एक किडकिडीत गृहस्थ, तो पेपर घेऊन शाळेत हजर. डोक्यावर बियाण्याच्या कंपनीने फुकट वाटलेली टोपी होती, पण उलटी करून घातलेली, कंपनीचं नाव आत आणि शिवण बाहेर.

"सर, हे चूक काऊन हाय?"

मी म्हटलं, "अहो, दिवा दिसला नाही तर उपयोग काय?"

"पंगतीत जेवले असान तुमी. वाढपी ध्यानात राह्यते का जेवन?"

"जेवण."

"मंग वाढप्यानं मधात उभं राहून नाचाव कायले?"

मी दोन गुण वाढवून दिले. मिस्त्रींनी पेपरची घडी करून खिशात ठेवली, आभार वगैरे काही मानले नाहीत. त्यांच्या हिशेबी मी फक्त माझी चूक दुरुस्त केली होती.

तेलाच्या गिरण्यांमागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. दुकानाला पाटी नव्हती. तेलाचे रिकामे डबे कापून ते नरसाळी, चाळण्या आणि धान्याची मापं करत, आणि पोट भरलं की दिवे. दिवा म्हणजे पत्र्याचं एक साधं टोपण. नक्षी नाही, जाळी नाही, झालर तर नाहीच. डब्यावर छापलेलं तेलाचं नाव नेहमी आतल्या बाजूला. बाहेरून पाहिलं तर तो पत्र्याचा एक मुका तुकडा. आत बल्ब इतका वर चढवलेला असे, की मान वाकडी केल्याशिवाय तो दिसत नसे. आपल्या दिव्याची परीक्षाही त्यांनी स्वतःच ठरवली होती. दिवा पेटवायचा, खाली बसायचं आणि बघायचं, की त्याला किडा येतो का. "ज्या दिव्याले किडा येते, तो दिवा लोचट," असं त्यांचं म्हणणं होतं. पावसाळ्यात सगळ्या गल्लीत पाकोळ्या आणि किड्यांचा सडा पडे, मिस्त्रींच्या दुकानात एक किडा शोधून सापडत नसे. आल्यागेल्याला ते हे अभिमानाने दाखवत. बायको फार आधी गेली, घरात बाप आणि लेक दोघंच. त्या पोरीखेरीज त्यांना दुसऱ्या कशाचा अभिमान असल्याचं मला आठवत नाही.

मी कॉलनीत घर बांधलं तेव्हा उजेडाचं काम त्यांना दिलं. त्यांनी नकाशा बघितलाच नाही. माझ्या बायकोला विचारलं, "भाभी, गहू कुठं निवडता?"

तिने जागा दाखवली.

"आन भांडन कुठं करता?"

आम्ही दोघांनी एकाच वेळी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. मिस्त्रींनी मान हलवली. आमच्या एकमताचा तेवढा एक प्रसंग मला आठवतो.

मग एक अख्खी संध्याकाळ त्यांनी आम्हाला आपापल्या जागी बसवून ठेवलं. बायको ताट मांडीवर घेऊन, मी पेपर घेऊन, म्हातारी आई जपमाळ घेऊन. घरातले सगळे दिवे बंद. लांब वायरला लावलेला एकच बल्ब घेऊन मिस्त्री घरभर हिंडत होते. कधी फळीखाली धरत, कधी दारामागे, कधी गुडघ्याइतक्या उंचीवर. मध्येच थांबून आमच्या तोंडाकडे बघत. आईच्या कोनाड्यापाशी त्यांनी बल्ब जमिनीच्या जवळ नेला तेव्हा आई म्हणाली, "आता माळ दिसते रे बाबा, आणि तूही दिसत नाहीस." मिस्त्री खूश झाले. त्यांनी तिथेच खडूने फुली मारली.

घरभर मिळून पाच दिवे लागले. वास्तुशांतीला आलेल्या शेजाऱ्यांनी हळहळून विचारलं, "वायरिंग अर्धंच राह्यलं काय?" एका कनवाळू बाईंनी दुसऱ्या दिवशी मेणबत्त्यांचं पाकीट आणून दिलं. ते अजून घरात आहे.

त्या वर्षांत आमच्या भागाला उजेडाची हाव सुटली होती. बीटी कापूस नवा नवा आला होता. पहिली दोन-चार वर्षं बोंडं लगडली, अळी दिसेना, आणि आता अळी फक्त पुस्तकात उरणार असं जो तो सांगू लागला. सर्वांत मोठ्याने मोतीशेठ सांगत. त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान होतं. बियाण्याच्या पाकिटावर अळीचं चित्र आणि त्यावर लाल फुली होती. ती फुली आपण स्वतः मारली असावी अशा थाटात शेठ ते पाकीट गिऱ्हाइकाच्या हातात ठेवत. लोकांनी स्लॅबची घरं बांधली. शेठने तर बंगलाच बांधला आणि त्याला नाव दिलं 'पांढरं सोनं'. दिवाणखान्याच्या छताला प्लास्टरची वेलबुट्टी, वेलबुट्टीत रंग बदलणारे दिवे, मध्ये झुंबर. बटणांच्या पाट्यांनी एक भिंत भरली होती. कोणत्या बटणाने काय लागतं ते शेठला माहीत नव्हतं, म्हणून ते सगळीच दाबत.

त्यांना प्रवेशदाराशी कापसाच्या बोंडाच्या आकाराचा दिवा हवा होता. मिस्त्रींना बोलावणं गेलं. मीही सोबत होतो. मिस्त्री दिवाणखान्यात उभे राहिले, उलट्या टोपीची कड डोळ्यांवर ओढली आणि म्हणाले, "शेठ, इथं बसाव कुठं? साऱ्या जागेवर उजेडच बसून राह्यला."

"तू बोंड बनव बे," शेठ म्हणाले.

आठ दिवसांनी मिस्त्रींनी दिवा नेऊन दिला. तेच ते साधं टोपण, खाली तोंड केलेलं. शेठने ते चारी बाजूंनी बघितलं. "यात बोंड कुठं हाय?"

"हेच बोंड हाय, शेठ. फुटाचं हाय अजून."

शेठ विचारात पडले. कापसाच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे नाकारता येईना. दिवा दाराशी लागला आणि शेठ पाहुण्यांना सांगू लागले, की ही कलाकाराची कल्पना आहे, बोंड अजून फुटायचं आहे. पाहुणेही माना डोलवत. त्या सगळ्या बंगल्यात माणसाचा चेहरा नीट दिसेल अशी तेवढी एकच जागा होती, म्हणून शेठची म्हातारी आई पुढे तिथेच येऊन बसायला लागली.

नंतर पुण्याहून एक जोडपं आलं. दोघंही घरं सजवण्याचा व्यवसाय करणारी. माझ्या भाच्याच्या ओळखीने आमच्याकडे उतरली होती. आमच्या घरातले दिवे बघून बाई जमिनीवर उकिडवी बसली आणि म्हणाली, "किती मिनिमल!" मी त्यांना दुकानात घेऊन गेलो. मिस्त्रींनी मला विचारलं, "काय म्हून राह्यल्या ह्या?"

"कमीत कमी, असं म्हणतात."

मिस्त्रींनी दिवा हातात घेऊन उलटसुलट बघितला. "कमी कुठं हाय? पुरा हाय."

जोडप्याला ही भाषा फार गोड वाटली. त्यांनी मिस्त्रींना हेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं आणि फोनमध्ये घेतलं. मग ते मुद्द्यावर आले. दिवे भरपूर हवेत, फक्त थोडे बदल करायचे. पत्र्याला हातोडीचे ठोके दिसू द्या, म्हणजे हाताने केल्यासारखं वाटेल. जरा गंज येऊ द्या. आणि तेलाचं छापील नाव आत नको, बाहेर घ्या, त्यात गोष्ट आहे. मिस्त्रींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ठोके दिसू नये म्हून मी तीस साल काम शिकलो," ते म्हणाले. "आन तेलाचं नाव पायजे तं तेलवाल्याकडं जा. तो डबाच देईन, तेलासकट."

जोडपं हसलं. त्यांना वाटलं, हाही गोडवाच. ते गेल्यावर मी मिस्त्रींना म्हटलं, चांगलं काम होतं, थोडं ऐकायला काय हरकत होती. ते म्हणाले, "सर, आज गंज म्हनून राह्यले. उद्या म्हनतीन, दिव्याले घुंगरू बांध." विद्यार्थ्यांनी गॅदरिंगला खरोखरच दिव्यांना घुंगरू बांधून एक नाच बसवला होता आणि त्याला पहिलं बक्षीस मीच दिलं होतं.

नसीमचं लग्न जळगाव जामोदकडच्या एका शेतकरी घरात झालं. माणसं चांगली होती, जावई कष्टाळू. लग्नात मिस्त्रींनी कूलर दिला नाही, कपाट दिलं नाही. स्वयंपाकघरातला एक दिवा दिला आणि तो स्वतः जाऊन, तिला चुलीपुढे बसवून, जागा पाहून लावला. सासरच्या बायकांनी नाकं मुरडली. महिनाभराने सासू म्हणाली, भाकरी आता करपत नाही. नसीमने हे मला सांगितलं तेव्हा ती हसत होती. "सर, तो दिवा कोनाले दिसतच नाई. पाहुने विचारतात, बापानं काय दिलं?"

मग ते बोंडअळीचं साल आलं. ज्या अळीवर पाकिटावर फुली होती, तीच गुलाबी होऊन परत आली आणि थेट बोंडात शिरून बसली. बाहेरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत काळं. फवारून फवारून माणसं आजारी पडली, अळी मात्र आत सुखरूप. मोतीशेठ म्हणाले, बियाणं उत्तम आहे, हवा बिघडली. नसीमच्या सासरची चार एकर कपाशी होती. पहिल्या वेचणीला निम्मी बोंडं किडकी निघाली. वरची बोंडं अजून कोवळी होती. ती वाचली तर वर्ष निघणार होतं, नाहीतर बैलजोडी विकून दोघा नवरा-बायकोला गुजरातेत जिनिंगच्या कामाला जावं लागणार होतं. गावातल्या शेतीच्या सभेत कोणीतरी सांगितलं, वावरात दिवा टांगा, खाली घमेल्यात रॉकेल टाकलेलं पाणी ठेवा. अळीचे पतंग दिव्यावर येतात, पाण्यात पडून मरतात, मग अंडी घालणार कोण? दिवा म्हटल्यावर नसीमला दुसरं कोण आठवणार? तिने अब्बांना फोन केला.

मिस्त्रींनी त्यांच्या आयुष्यातला सर्वांत सुबक दिवा केला. मी पाहिला होता तो. पत्र्याला कुठे सांधा दिसत नव्हता. वावरात वीज कुठली, म्हणून फवारणीच्या पंपाची बॅटरी काढून जावयाने तिच्यावर जोडणी केली. दिवा लावून मिस्त्री रात्री लेकीकडेच राहिले. सकाळी वावरात नसीम, जावई, शेजारचे दोन-चार शेतकरी जमले. घमेल्यातलं पाणी नितळ होतं. त्यात एक बेडूक बसला होता.

मिस्त्री सवयीने म्हणाले, "पाह्यलं? एकबी किडा नाई."

नसीमने पदर कमरेला खोचला आणि अगदी हळू म्हणाली, "अब्बा, घरात किडे नको होते. इथं यायलेच पायजेत."

हे मला मिस्त्रींनीच येऊन सांगितलं. दुकानात बसून सांगितलं आणि मग बराच वेळ कात्री पुसत राहिले. मी विज्ञानाचा मास्तर, मी लगेच उपाय सांगायला लागलो. टोपण काढा, बल्ब उघडा ठेवा, पांढरा घ्या, मागे चकचकीत पत्रे लावा, म्हणजे लांबून दिसेल. ते म्हणाले, "मले समजते, सर. सारं समजते. ज्यानं तीस साल किड्याले हाकललं, त्याले किडा कायनं येते हे समजत नसीन?" त्यांचा आवाज चढला होता. मला वाईट वाटलं. मी उठून आलो.

चार दिवस दुकान बंद होतं. पाचव्या दिवशी ते माझ्याकडे आले, खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. "चालता काय सर, नसीमकडं? एकट्याच्यानं जावत नाई." शनिवार होता, सकाळची शाळा आटपली होती. मी निघालो.

वावरात पोचलो तेव्हा सूर्य मावळतीकडे कलला होता. मिस्त्रींनी गोणपाट सोडलं. उघडा पांढरा बल्ब, त्याच्या मागे आणि बाजूला पत्र्याच्या चार पाती, घासून आरशासारख्या केलेल्या. तेलाचं छापील नाव बाहेरच्या बाजूला. नाव आत घ्यायलाही ते थांबले नव्हते. आमच्या गावच्या लग्नाच्या मंडपात शोभेल असा तो दिवा होता. जावयाने बांबूला टांगून बॅटरी जोडली आणि अंधार पडताच तो पेटवला. सगळी कपाशी पांढरीफटक दिसू लागली. माझे डोळे दिपले. नसीम बापाकडे बघत होती. मिस्त्रींनी टोपी डोळ्यांवर ओढली आणि दिव्याकडे पाठ करून बांधावर बसले.

शेजारचा शेतकरी आला, म्हणाला, "मिस्त्री, दिवा मस्त केला. माह्या वावरातलेबी इकडंच येतीन. मले आता करा लागत नाई."

पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी नसीमने घमेलं उपसलं तेव्हा पाणी दिसत नव्हतं, वर पतंगांची साय धरली होती. रोज तेच. वरची बोंडं बरीचशी वाचली. सगळी नाही, पण बैलजोडी दावणीला राहिली आणि ती दोघं गुजरातेत गेली नाहीत. मोतीशेठने येऊन त्या वावराचा फोटो काढला आणि दुकानाबाहेर लावला. खाली लिहिलं होतं, 'आमच्या बियाण्याची कमाल.' फोटो भर दुपारचा होता, त्यामुळे दिवा त्यात कुठे दिसत नव्हता. मिस्त्रींना हे फार आवडलं असतं. पण तोपर्यंत ते नव्हते. दिवाळीच्या सुट्टीत मी लेकीकडे नागपूरला गेलो होतो, तिथेच निरोप आला, झोपेत गेले म्हणून. घमेलं भरलं, एवढं मात्र त्यांना नसीमने फोनवर कळवलं होतं. ते नुसतं "अच्छा" म्हणाले होते.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्या शनिवारीच, परतीच्या बसमध्ये. दिव्याजवळ तासभर बसलो, तोवर चार-दोन चिलटं सोडून काही आलं नव्हतं, आणि बस चुकवून चालणार नव्हतं. मिस्त्री माझ्या शेजारी, तोंड समोर करून बसले होते. मी खिडकीशी होतो. अंधारलेल्या वावरांच्या पल्याड तो एकच दिवा डोळ्यांत घुसत होता.

"सर, दिसते काय?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"दिसतो."

दोन गावं गेली. "अजून दिसते?"

"दिसतो आहे, मिस्त्री. चांगला दिसतो."

"बरं झालं," ते म्हणाले. पूर्णेचा पूल आला. पुलापाशी बस वळली आणि दिवा झाडांआड गेला तो गेलाच. पूल ओलांडल्यावर मिस्त्रींनी माझ्या हातावर हात ठेवला. त्यांची बोटं पत्र्याने कापलेली होती.

"सर, दिसते ना?"

बाहेर काळोख होता. मी म्हटलं, "दिसतो."